नुवरएळिया वगळून

वायक्काल,
६ मे २०२४

प्रिय अक्का,

तू, लेक मारिसा आणि तिच्या दोन्ही पोरी धडधाकट असाल असं धरून चालतो. आमच्याकडे म्हणशील तर जसिंताचा गुडघा आणि स्वयंपाकघराचं छप्पर, दोन्ही पावसाच्या तोंडावर कुरकुरायला लागलेत. बाकी ठीक.

त्या दिवशी फोनवर मी नीट बोललो नाही, त्याचा राग मानू नकोस. चौदा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस? "कमिलस, ऑगस्टमध्ये विमानं महाग असतात, पण पोरींना सुट्टी तेव्हाच." जणू काल संध्याकाळी आपण विहिरीवर बोललो होतो आणि अर्धं राहिलेलं आज पुरं करायचं होतं. मी हो हो करत राहिलो. फोन ठेवल्यावर जसिंता म्हणाली, "कोण होतं? चेहरा असा का झालाय?" मी म्हटलं, अक्का येतेय. ती हातातला नारळ तसाच धरून खाली बसली.

यादी मोबाईलवर पाठव म्हणालीस. अगं, त्या बारक्या पाटीवर एक अक्षर दाबलं की दुसरं हरवतं. आणि फोनवर बोलायचं तर मागे पोरी, तू सांभाळतेस ती म्हातारी बाई, टीव्ही, सगळं एकदम. कागद बरा. ओळी वाकड्या गेल्या असतील, कुठे डावीकडची अर्धी जागा सुटली असेल, तर समजून घे. शाळेत माझं अक्षर कधी चांगलं होतं?

तर ऐक. पहिले तीन दिवस कुठेही जायचं नाही. घरी राहायचं. पोरींना इथलं पाणी, मिरची आणि डास, तिन्हीची ओळख होऊ दे. जसिंता वाळवलेल्या कोरक्याच्या फोडींचं आंबट घालून मासे करणार आहे, अम्मा करायची तसे. आपली जुनी वाट आता डांबरी झालीय, पण शेवटच्या वळणावर अजून वाळूच आहे. तिथे पोरींना चपला काढून चालायला लाव.

मग तलविलाला, संत अ‍ॅनच्या चर्चमध्ये. तू इटलीला जायच्या आधी तिथे मेणबत्ती लावली होतीस, आठवतं? तिथून सरळ मडू. पंधरा ऑगस्टचा तिथला मेरीमातेचा सण सोडायचा नाही. लहानपणी अम्मा-तात्ता आपल्याला लॉरीत घालून न्यायचे, झाडाखाली चटई, तीन दगडांची चूल, आणि तू एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसायचीस, कारण तिथे आंघोळीला आडोसा नव्हता. आता नळ झालेत. झाडं तीच आहेत. लढाईच्या वर्षांत तिकडे कुणाला जाता आलं नाही, म्हणून लोक आता दुप्पट जातात.

मडूहून अनुराधपुर. तिथे पोरींना आधीच सांगून ठेव की स्तूपाभोवती अनवाणी फिरायचं असतं आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. माझ्या गाडीतले गोरे पाहुणे तिथे जे नाचतात ते बघायला मला कायम मजा वाटते. जर्मनीचे एक न्यायाधीश होते, सहा फूट उंच, ते सावलीसावलीतून उड्या मारत गेले आणि शेवटी एका भिक्खूंच्या छत्रीत घुसले. भिक्खूंनी छत्री फक्त थोडी उंच धरली.

तिथून पूर्वेला त्रिंकोमली. ऑगस्टात आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला, तिकडचा ताटातल्या पाण्यासारखा. गावात हरणं फिरतात, दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात, केळ्यांची सालं खातात. धाकटी खूश होईल. मग किनाऱ्याने खाली पासिकुडा. तिथे पोरी अर्धा मैल आत चालत गेल्या तरी पाणी कमरेच्या वर जाणार नाही. तू काठावर खुर्ची टाकून निवांत बस. येताना पोलोन्नरुव, मिन्नेरियाचे हत्ती, आणि सिगिरिया. सिगिरियाच्या पायऱ्या तू चढू नकोस, मी पण आता चढत नाही. आपण खाली बसून शहाळं पिऊ, मारिसा घेऊन जाईल पोरींना. शेवटी कँडीत दोन रात्री, बुद्धाच्या दंतमंदिराची मिरवणूक, आणि परत घर. एकूण सोळा दिवस.

गाडी माझीच. मीच चालवीन. तेहतीस वर्षं लोकांच्या अक्का, अम्मा, सासवा फिरवल्या, आता माझी स्वतःची अक्का बसणार म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या हातात चाक कसं देणार?

तात्तांचा विषय मी काढत नाही. तूही आल्याआल्या काढू नकोस. ते गेले तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "पिऊन समुद्रात जाऊ दिलंस त्यांना," आणि मी तुला जे उलट बोललो, त्या दोन्हींची किंमत आपण मोजली. त्यांच्या कबरीवर जाऊ, फुलं ठेवू, आणि गप्प उभे राहू. चालेल?

पोरींना गाडी लागते का ते कळव. लागत असेल तर आलं सुकवून ठेवायला सांगतो.

वाट बघणारा,
तुझा धाकटा मल्ली,
कमिलस


वायक्काल,
२८ मे २०२४

प्रिय अक्का,

तुझ्या फोननंतर दोन दिवस थांबून लिहितोय. सगळे बरे असालच. परवा तर आवाजावरून तू वीस वर्षांची वाटत होतीस, विशेषतः रागावलेली असताना.

"कमिलस, नुवरएळिया कुठे गेलं? एवढा देश फिरवतोस आणि डोंगर गिळून टाकलास?" अक्का, मी काही विसरलो नव्हतो. तू चौदा वर्षांची असताना मठातल्या सिस्टर तुम्हाला वर घेऊन गेल्या होत्या, तिथून तू स्ट्रॉबेरीच्या मुरांब्याची बाटली आणलीस, आणि अम्माने ती दोन वर्षं न उघडता कपाटात ठेवली. शेवटी तात्तांनी मुंग्यांसकट फेकली. थंडीत तोंडातून वाफ निघते हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मला वाटायचं तू परदेशातच जाऊन आलीस. पोरींना तेच दाखवायचंय, ते कळतंय मला.

पण वर पाऊस असतो ऑगस्टात. घाटात दरड कोसळते. आणि तुझ्या त्या जुन्या नुवरएळियाचं आता काही राहिलेलं नाही, नुसती हॉटेलं आणि स्वेटरची दुकानं. अगदीच जायचं असेल तर कँडीहून रेल्वेने जा. खिडकीतून चहाचे मळे, धबधबे, बोगदे, सगळं दिसतं, आणि परदेशी लोक तर त्या गाडीसाठी महिनामहिना आधी तिकिटं काढतात. मी कँडीला थांबेन. परत येईपर्यंत गाडीचं तेलपाणी बघून घेईन.

तू विचारलंस, "तुझ्या पत्राच्या ओळी पानाबाहेर का जातात? अर्धे शब्द तर पाकिटावरच शोधावे लागतील." काही नाही गं. डोळ्यांत जरा मोतीबिंदू धरलाय. या वयात सगळ्यांनाच होतो. आपल्या गल्लीतल्या सिरिल मामांनी तर दोन्ही डोळे करून घेतले आणि आता त्यांना बायकोच्या सुरकुत्या दिसतात म्हणून कटकट करतात. सीझन संपला की मीही करून घेईन.

गाडी चालवायला काही अडचण नाही. गेल्या वर्षी परवान्याची तपासणी झाली, समोरच्या पाटीवरची शेवटची ओळसुद्धा मी घडाघडा वाचली. ते डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर क्वचित बघायला मिळते.

जसिंता मात्र हट्ट धरून बसलीय की तीही आपल्याबरोबर येणार. पुढे माझ्या शेजारी बसणार म्हणते, डाव्या बाजूला. मी म्हटलं, ती जागा अक्काची. तर म्हणाली, "अक्का मागे बसल्या तरी त्यांना रस्ता दिसेल." आणि भांडी आपटत आत गेली. तिचं तू मनावर घेऊ नकोस. गुडघ्यामुळे ती चिडचिडी झालीय.

आणखी काय लिहू? बागेतला फणस या वर्षी फार धरलाय. विहिरीला नवीन कठडा केला. फेब्रुवारीपासून फारसे पाहुणे घेतले नाहीत, जरा विश्रांती घेतोय.

नुवरएळियाचं आता डोक्यातून काढ. दुसरं कुठेही म्हण, मी नेतो.

तुझाच,
कमिलस


वायक्काल,
२४ जून २०२४

प्रिय अक्का,

तब्येत कशी आहे हे मी या वेळी रिवाज म्हणून विचारत नाही. खरोखर विचारतोय. पत्र शेवटपर्यंत वाचशील तेव्हा कळेल का ते. टपालाला वेळ लागतो म्हणून जसिंता या पानांचे फोटो मारिसाच्या मोबाईलवर पाठवणार आहे, तिनेच मोठ्याने वाचून दाखवलं तर बरं.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तू हसत हसत म्हणालीस, "अरे, मी म्हातारी झाले. हल्ली दाराच्या चौकटी माझ्या अंगावर येतात. बाईंचा चहा टेबलाच्या बाहेर ठेवला, कप फुटला, त्या मला मरणाच्या बोलल्या." मारिसा मागून ओरडली, "आणि जिन्यावरून पडलीस ते सांग ना मामांना!" तुम्ही दोघी हसत होता. मी फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसलो. जसिंता बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते."

मला मोतीबिंदू नाही, अक्का. काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. माझा डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं. तपासणीच्या पाटीवरची अक्षरं मी घडाघडा वाचली हे खरं आहे. ती समोर होती. फॉर्मवर एक प्रश्न होता, डोळ्यांचा काही आजार आहे का? त्यापुढे मी 'नाही' लिहिलं. तेही घडाघडा.

आता फेब्रुवारीचं सांगतो. इतके दिवस डोंगर का टाळत होतो ते.

नुवरएळियाला चढताना रंबोडाच्या घाटात सकाळचे दहा वाजले होते. गाडीत हॉलंडचं एक म्हातारं जोडपं. स्वच्छ ऊन पडलेलं. उजवीकडे धबधबा दिसतो तिथे मी नेहमीप्रमाणे त्यांना म्हटलं, कॅमेरा काढा. आणि डाव्या बाजूला काहीतरी धपकन वाजलं. मला वाटलं, फांदी. मागून त्या बाई किंचाळल्या. गाडी थांबवून उतरलो तर आरसा तुटून लोंबत होता आणि गटारात एक बाई पडली होती, चहाची पानं खुडणारी. तिची पानांची पिशवी फाटून सगळं हिरवं पाण्यावर तरंगत होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होती. माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती.

पोलीस आले. मी म्हटलं, धुकं होतं, बाई अचानक समोर आली. कसं तोंडातून आलं मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. तेहतीस वर्षांत एकदाही कुणाला धक्का लागला नव्हता, आणि डोळे तपासायला पाठवतील ही भीती. हॉलंडच्या बाई हळूच म्हणाल्या, "धुकं?" त्यांच्या नवऱ्याने त्यांचा हात दाबला. त्यांना चार दिवसांनी विमान पकडायचं होतं. त्यांनी दुसरी गाडी मागवली आणि जाताना माझ्याशी हात न मिळवता गेले. आणि दवाखान्यात त्या बाईने स्वतःच जबाब दिला, "चूक माझी, साहेब. मी बघून ओलांडायला हवं होतं." कागद मिटला. मी घरी आलो, आरसा बसवून घेतला. तिचं नाव मी जबाबाच्या कागदावर वाचलं होतं. लेच्चुमी.

तुझ्या त्या चौकटीच्या गोष्टीनंतर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पहाटेच्या बसने मी वर गेलो. जसिंताला येऊ दिलं नाही. मळ्यातल्या मजुरांच्या खोल्या रस्त्यापासून बऱ्याच वर आहेत, मातीच्या पायऱ्या. निम्म्या मी हातांनी चाचपत चढलो. लेच्चुमी दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. शेजारी काठी. तिची मुलगी वसंती कपडे वाळत घालत होती. मला बघून तिने पिळा तसाच बादलीत टाकला.

"आता काय हवंय? आणखी कुठे सही राहिली का?"

मी म्हटलं, सही नको. भेटायला आलो.

"चार महिन्यांनी?"

लेच्चुमी म्हणाली, "वसंती, आधी बसायला दे." मग मला म्हणाली, "तुमचं तोंड माझ्याकडेच होतं. मला वाटलं, यांनी बघितलंय, हे थांबतील. म्हणून मी पाय टाकला."

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, मग चूक तुझी असं का सांगितलंस? ती म्हणाली, "पोलीस म्हणत होते धुकं, मुकादम म्हणत होता धुकं. दवाखान्यातला माणूस म्हणाला, वर रोजच धुकं असतं. एवढे सगळे म्हणतात तर मी एकटी कशाला ऊन ऊन करत बसू? कोर्टात खेपा घालायला मला पाय कुठे होता?"

मग मी सांगितलं. डाव्या बाजूचं मला दिसत नाही, तेव्हाही दिसत नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य सर्वांत जड गेलं. वसंतीने माझ्याकडे असं बघितलं की ते मात्र मला पूर्ण दिसलं.

लेच्चुमी तांदळात बोटं फिरवत राहिली. तिने मला माफ केलं असं मी तुला लिहिणार नाही, तसं काही ती बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग आज या पायऱ्या कशा चढलात?" आणि मुलीला म्हणाली, "खाली सोडून ये त्यांना. पडले तर पुन्हा आपल्याच दारात पोलीस."

वसंतीने माझा हात धरला नाही. शर्टाची बाही धरली, दोन बोटांनी, आणि प्रत्येक पायरीला नुसतं "हं" म्हणत मला खाली आणलं. रस्त्यावर आल्यावर विचारलं, "पोलिसांना सांगणार आहात?" मी म्हटलं, हो. "कधी?" आजच. ती म्हणाली, "ठाणं उजवीकडे आहे. डावीकडे बस." आणि मी उजवीकडे वळेपर्यंत तिथेच उभी राहिली. तिला माझा भरवसा का वाटावा?

ठाण्यातल्या फौजदाराला आधी वाटलं मी वेडा आहे. मिटलेला कागद कोण उघडायला येतो? तो म्हणाला, "आजोबा, घरी जा, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?" मी हललो नाही. शेवटी त्याने जबाब लिहून घेतला, परवाना ठेवून घेतला. एकवीस ऑगस्टला नुवरएळियाच्या कोर्टात तारीख आहे. म्हणजे तुम्ही इथे असाल तेव्हाच. काय होईल सांगता येत नाही. वकील म्हणतो दंड होईल, कदाचित तुरुंगही. व्हॅन विकायला काढलीय. त्यातले निम्मे पैसे लेच्चुमीच्या औषधपाण्याला द्यायचे असं मी आणि जसिंताने ठरवलंय, ती घेणार की नाही ते तिच्यावर.

घरी येऊन जसिंताला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी शेजारी बसून 'सायकल आली, कुत्रा आला, म्हातारी आली' करत होते, ते तुम्हाला काय बडबड वाटत होती?" अक्का, मला खरंच बडबड वाटत होती. त्या दिवशी ती गाडीत नव्हती, एवढंच.

आता जे लिहायला मी इतकी पानं घेतली ते.

करोनात गाडी दारात उभी होती, वेळच वेळ होता, म्हणून नेगोंबोला चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रात हनुवटी टेकवायला लावली, आणि पुन्हा एकदा तपासलं. मग विचारलं, "वडिलांना काही त्रास होता?" मी म्हटलं, नाही, ते प्यायचे. "म्हणजे काय व्हायचं?" म्हटलं, दाराला धडकायचे, शेजारी ठेवलेली थाळी दिसायची नाही, जाळ्याची बुचं चाचपून शोधायचे. बोलता बोलता लक्षात आलं, हे तर मी माझंच सांगतोय. ज्या सकाळी त्यांची होडी खडकावर गेली, त्या सकाळी त्यांनी दारूला हात लावला नव्हता. मीच त्यांना काळा चहा करून दिला होता. तरी लोक म्हणाले पिऊन गेला, तू म्हणालीस पिऊन गेला, आणि मीसुद्धा मनात तेच धरलं. त्यांना खडक दिसलाच नाही, अक्का. आयुष्यभर ज्या खडकाला वळसा घालून गेले, तोच. तात्तांना आपण दोघांनी चौदा वर्षं उगाच दारुडा म्हटलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, हा आजार घराण्यातून येतो. भाऊ-बहीण कोण? म्हटलं, एक अक्का आहे, इटलीत. त्या म्हणाल्या, "त्यांना आजच कळवा. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते. रोजचे थेंब पुरतात." त्यांनी कागदावर लिहूनही दिलं: बहिणीला कळवणे. तो कागद दोन हजार एकवीसच्या जुलैमधला आहे.

मी कळवलं नाही. तू बोलत नव्हतीस, हे कारण मी स्वतःला देत राहिलो. पण तुझा पत्ता माझ्याकडे होता. हे एक कळवलं असतं तर तात्तांच्या मरणाचा माझ्यावरचा ठपकासुद्धा पुसला गेला असता, इतकं ते मला सोयीचं होतं. तरी नाही कळवलं. कारण तुला लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तू गाडी कशी चालवतोस? मला गाडी सोडायची नव्हती. एवढंच खरं. माझ्या चाकासाठी मी तुझे डोळे पणाला लावले, तुला न विचारता. लेच्चुमीला मी निदान बघितलं नव्हतं. तुझ्या बाबतीत सगळं दिसत असून केलं.

तर आता कृपा करून असं कर. तिकिटाची तारीख येईपर्यंत थांबू नकोस. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याच्या दुकानात नको, डॉक्टरकडे. त्यांना सांग, वडिलांना काचबिंदू होता, भावाला आहे, मला कडेचं दिसत नाही, मी जिन्यावरून पडले. डोळ्यातला दाब मोजायला सांग, बाजूची नजर तपासायला सांग. मारिसालाही दाखवायला लाव, ती तरुण आहे म्हणून सोडू नकोस. थेंब दिले तर एकही दिवस चुकवू नकोस. मी चुकवले.

सहलीचं म्हणशील तर यायचं की नाही ते तू ठरव. आलात तर गाडी दुसऱ्याची असेल, आपल्या मरियन चुलत्यांचा विक्टर चालवेल, त्याची नजर चांगली आहे, मी स्वतः तपासायला पाठवली. मी मागच्या सीटवर बसून जागा दाखवेन, जेवढ्या मला दिसतात तेवढ्या. एकवीसला मला वर जायचंच आहे. त्या दिवशी तुम्ही दुसरीकडे जा. माझ्याबरोबर दिसायची तुला लाज वाटली तर मला कळेल. नाही आलात तरी कळेल.

पुन्हा चौदा वर्षं बोलली नाहीस तरी माझी तक्रार नाही. पण रागावलेली अस, रडत अस, मला शिव्या घालत अस, डॉक्टरकडे मात्र जा. तिथून बाहेर आलीस की माझ्याशी बोलू नकोस, जसिंताला फोन कर आणि दाब किती निघाला तेवढं सांग. मी शेजारी बसून ऐकेन.

तीन वर्षं उशिरा कळवणारा
तुझा धाकटा भाऊ,
कमिलस